ओढ्याचा काठ आणि रातबेडूक

(इयत्ता ५ वी ते ७ वी. विषय : परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान. तासिका दोन व क्षेत्रभेट एक.)

प्रास्ताविक

पावसाळ्याच्या तोंडावर पुष्कळ शाळांतून ओढा-सफाईचा उपक्रम घेतला जातो. मुले उत्साहाने प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, काचा व चिंध्या वेचतात. हे काम स्तुत्यच आहे. परंतु त्याच उत्साहाच्या भरात काठावरची झुडपे छाटली जातात, पाण्यावर झुकलेल्या फांद्या तोडल्या जातात, गवत खरवडून काढले जाते आणि पालापाचोळा गोळा करून पेटविला जातो. ओढा मोकळा दिसू लागतो व काम उत्तम झाले असे सर्वांना वाटते. त्यानंतर चार-सहा आठवड्यांनी, पाऊस लागला म्हणजे, त्याच झुकलेल्या पानांवर अंडी घालण्यासाठी एक लहानसा प्राणी येतो आणि त्याला पान सापडत नाही. त्या प्राण्याची व त्याला आश्रय देणाऱ्या काठाची ओळख विद्यार्थ्यांना करून देणे, आणि उजाड झालेला काठ पुन्हा कसा उभा करावा हे त्यांच्या हातून शिकविणे, यासाठी हा पाठ आहे.

सह्याद्रीच्या कुशीतील व घाटमाथ्यावरील शाळांना हा पाठ जसाच्या तसा घेता येईल. पूर्वेकडील शाळांनी रातबेडकाची माहिती उदाहरणादाखल सांगावी व काठाचे काम आपापल्या ओढ्याला लावून घ्यावे.

हेतू

१. काही प्राण्यांचे जीवन ओढ्याच्या पाण्याइतकेच काठावरील झाडोऱ्यावर अवलंबून असते, हे विद्यार्थ्यांना समजावे.
२. घाण आणि पालापाचोळा यांतील भेद त्यांना ओळखता यावा.
३. काठाचा एक लहान पट्टा पुन्हा हिरवा करण्याचे काम त्यांनी वर्षभर, क्रमाने व नोंद ठेवून करावे.

शिक्षकांसाठी माहिती

रातबेडूक हे एका मोठ्या गटाचे नाव आहे. या गटास शास्त्रीय परिभाषेत निक्टिबॅट्रॅकस म्हणतात. हे नाव बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने १८८२ साली दिले. या गटातील बेडूक जगात पश्चिम घाटाखेरीज अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. त्यांच्या नव्या जाती अजूनही उजेडात येत आहेत; २०१७ साली एकाच वेळी सात नव्या जातींची नोंद झाली आणि त्यांतील काही अंगठ्याच्या नखावर मावतील इतक्या लहान आहेत.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीत आढळणारी जाती म्हणजे निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. भादुरी व कृपलानी यांनी १९५५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ख्यातनाम निसर्ग-अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्या सन्मानार्थ तिला हे नाव मिळाले. हा बेडूक सुमारे चार ते पाच सेंटिमीटर लांबीचा, तपकिरी रंगाचा असून त्याच्या पाठीवरील कातडीस सुरकुत्या असतात. त्याच्या डोळ्यातील बाहुली शंकरपाळ्याच्या आकाराची असते व बोटांच्या टोकांना लहान चकत्या असतात. दिवसा तो दगडांच्या सांदीत लपतो आणि रात्री बाहेर पडतो.

शेतातील बेडकाची अंडी साचलेल्या पाण्यात असतात, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. रातबेडकाची रीत निराळी आहे. पावसाळ्यात नर ओढ्यावर झुकलेल्या पानावर, फांदीवर किंवा दगडावर बसून साद घालतो. मादी तेथे येते व पाण्याच्या वर असलेल्या त्या पानावर वा दगडावरच अंडी घालते. अंड्यांभोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण असते. त्यांतून भैकेर बाहेर पडले की ते थेट खाली पाण्यात पडते व पुढील वाढ पाण्यात होते.

सातारा जिल्ह्यात कोयनेजवळ हुंबरळीच्या परिसरात या बेडकाचा बारकाईने अभ्यास करण्यात आला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. एस. डी. बिजू हे त्या अभ्यासकांपैकी एक होत. इतर बेडकांप्रमाणे या जातीचा नर मादीस घट्ट कवटाळत नाही. तो तिच्या पाठीवर अलगद बसून हात पानावर टेकवितो आणि तिने अंडी घालण्यापूर्वीच दूर होतो. ही रीत तोपर्यंत कोणत्याही बेडकात नोंदलेली नव्हती. या जातीची मादीही आवाज काढते, हेही त्या अभ्यासात दिसून आले. माद्यांनी आवाज काढणे ही गोष्ट बेडकांमध्ये विरळा होय.

याच गटातील आणखी एका बेडकाची गोष्ट मुलांना हमखास आवडेल. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात आढळणाऱ्या एका रातबेडकाचे वर्णन २०१४ साली झाले. त्याचा नर पुढच्या पायांनी ओढ्याकाठचा चिखल उचलतो आणि अंड्यांवर त्याचा लेप देतो. म्हणून त्यास ‘कुंबारा’ हे नाव दिले गेले. कानडी ‘कुंबार’ आणि मराठी ‘कुंभार’ हे शब्द एकाच कुळातील आहेत, हे भाषेच्या तासालाही सांगता येईल.

हा प्राणी नाजूक का?

बेडूक फुप्फुसाप्रमाणेच कातडीनेही श्वास घेतो. कातडी ओली असेल तरच हे घडते. त्यामुळे ऊन, कोरडी हवा, साबण आणि फवारणीचे औषध यांचा परिणाम त्याच्यावर लवकर होतो. त्याच्या अंड्यांस कोंबडीच्या अंड्यासारखे कवच नसते. सावली गेली की ती सुकतात. रातबेडकाच्या बाबतीत तिसरीही अट आहे. अंडे जेथे असेल त्याच्या नेमके खाली पाणी असावे लागते. फांदी काठाकडे वळलेली असेल तर भैकेर जमिनीवर पडून मरते. म्हणजे सावली, ओलावा आणि पाण्यावर झुकलेले पान या तिन्ही गोष्टी एकाच जागी हव्यात. या तिन्ही देणारी जागा म्हणजे झाडोऱ्याने आच्छादलेला ओढ्याचा काठ. काठापासून चाळीस पावलांवर लावलेले झाड गावाला उपयोगी असेल, पण रातबेडकाला त्याचा उपयोग नाही.

जगातील आठ हजारांहून अधिक उभयचर जातींची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचे तीत आढळले. अधिवासाचा नाश हे त्याचे एक प्रमुख कारण होय. जो प्राणी फक्त सह्याद्रीतच आहे, त्याचा सह्याद्रीतील काठ गेला तर त्याला दुसरे घर उरत नाही.

काठ उजाड कसा होतो?

याची कारणे गावोगावी थोडीबहुत सारखीच असतात. भात व नाचणीच्या राबासाठी काठावरील झाडांच्या फांद्या खच्ची केल्या जातात. गुरे एकाच वाटेऐवजी जागोजागी पाण्यावर उतरतात व दरड ढासळते. शेताचा बांध वर्षाला वीतभर पुढे सरकत पाण्याला भिडतो. नंतर पुरात तोच बांध वाहून जातो. भाजीपाला व स्ट्रॉबेरीच्या मळ्यांतील औषधे पावसाबरोबर ओढ्यात उतरतात. काही ठिकाणी मासे व खेकडे धरण्यासाठी पाण्यात ब्लीचिंग पावडर वा कीटकनाशक ओततात. त्याने माशांबरोबर सर्वच जलचर मरतात आणि तेच पाणी खालच्या वाडीची माणसे भरतात.

२०१४-१५ पासून जलयुक्त शिवार अभियानाखाली राज्यात नाले खोल व रुंद करण्याची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. टंचाईच्या गावांत पाणी अडविणे हा त्यांचा हेतू होता. परंतु यंत्राने दोन्ही काठ खरवडले गेले की झाडे, वेली, दगड व सांदी एकदमच नाहीशी होतात. असे काम ग्रामसभेपुढे येईल तेव्हा निदान एक काठ अबाधित ठेवावा, ही सूचना शिक्षकाने नम्रपणे व सकारण मांडावी.

पाठाचा क्रम

*प्रस्तावना.* “पावसाळ्यात बेडूक अंडी कोठे घालतात?” “ती अंडी पाण्याबाहेर राहिली तर काय होईल?” असे प्रश्न विचारून पूर्वज्ञान जागृत करावे. नंतर “पाण्याबाहेर, पानावर अंडी घालणारा एक बेडूक आपल्या डोंगरात राहतो, त्याची माहिती आज पाहू,” असे हेतुकथन करावे.

*प्रयोग.* साहित्य : भिजविलेला साबुदाणा, चार रुंद पाने, दोन काठ्या, पाण्याने भरलेली एक परात.

दोन पानांवर साबुदाण्याचे आठ-दहा दाणे एकमेकांस चिकटवून ठेवावेत. एक पान उन्हात व दुसरे सावलीत, ओल्या फडक्याशेजारी ठेवावे. मधल्या सुट्टीनंतर दोन्ही पाने वर्गात आणून मुलांस दाखवावीत. उन्हातील दाणे आकसून कडक झालेले आढळतील. उरलेली दोन पाने काठ्यांना बांधून त्यांवरही दाणे ठेवावेत. एक काठी परातीवर व एक मोकळ्या जमिनीवर धरून हळूच हलवावी. कोणते ‘भैकेर’ जगले व कोणते मेले, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. सावली, ओलावा व खाली पाणी या तीन अटी मुलांच्या तोंडून आल्याशिवाय फळ्यावर लिहू नयेत.

*क्षेत्रभेट.* भेट सकाळी, पाऊस नसताना व पाणी उतरलेले असताना घ्यावी. वर डोंगरात पाऊस पडत असेल तर ओढा अकस्मात फुगतो, म्हणून आभाळ भरले असता भेट रद्द करावी. मुलांनी तीन गट करून काठाचे साठ मीटर अंतर पाहावे. पहिला गट झाडे-झुडपे मोजील. दुसरा गट पाण्यावर झुकलेल्या फांद्या मोजील. तिसरा गट तापमापीने सावलीतील व उघड्या डोहाचे तापमान घेऊन लिहील. दगड उलथू नयेत. बेडूक किंवा अंडी दिसल्यास हात लावू नये. माणसाच्या हाताचा घाम, तेल व साबण त्यांस बाधतो. बेडूक बाटलीत घालून वर्गात आणण्याची जुनी प्रथा या पाठापुरती तरी कटाक्षाने टाळावी.

रात्री ओढ्यावर मुलांना नेऊ नये. ज्यांची घरे पुलाजवळ वा ओढ्यालगत आहेत त्यांनी पालकांसमवेत अंगणातून अगर पुलावरून कानोसा घ्यावा व ऐकू आलेले आवाज दुसऱ्या दिवशी सांगावेत.

काठाचे पुनरुज्जीवन

कामास हात घालण्यापूर्वी जागा कोणाची हे पाहावे. खासगी शेत असेल तर मालकाची संमती, गावची जागा असेल तर ग्रामपंचायतीची व वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी घ्यावी. आरंभी जागा थोडीच निवडावी. साठ मीटर लांबी व दोन्ही बाजूंस पाच पाच मीटर रुंदी धरल्यास क्षेत्र ६० × ५ × २ = ६०० चौरस मीटर होते. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. त्यावरून हा पट्टा सुमारे सहा गुंठ्यांचा आहे, हे मुलांनीच गणिताच्या तासाला काढावे. सहा गुंठे एका शाळेस सांभाळता येतात.

*वैशाख-ज्येष्ठ.* प्लॅस्टिक, काच व तार वेचावी. पाला, कुजके ओंडके, दगड व झुडपे यांस हात लावू नये. गुरांसाठी एकच उताराची वाट ठरवून तीवर दगड बसवावेत व उरलेल्या पट्ट्यास काटेरी फांद्यांचे कुंपण करावे. पुष्कळ ठिकाणी एवढ्यानेच निम्मे काम होते. मुळे व बिया जमिनीत शिल्लक असतात. चराई व जाळ थांबला की त्या आपोआप वर येतात. ज्या जागी आपोआप फूट येते तेथे खड्डा खणून नवे रोप लावण्याचा हट्ट धरू नये.

*मृग.* पहिल्या सरींनी माती भिजल्यावर आणि ओढ्याला मोठे पाणी येण्यापूर्वी लावणी उरकावी. वाळुंज व निरगुडी फांदीपासून लागतात. अंगठ्याएवढ्या जाडीची, हातभर लांबीची फांदी घेऊन तिचा दोन-तृतीयांश भाग पाण्याकडे किंचित कललेला असा काठात रोवावा. ढासळत्या दरडीवर वाळ्याचे ठोंब लावावेत. त्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. जांभळाची बी फार दिवस टिकत नाही, म्हणून फळ खाल्ल्यावर ती लगेच पेरावी. पट्ट्याच्या वरच्या अंगास करंज, उंबर व अर्जुन लावावेत. गुलमोहर, सुरू, ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प या परक्या झाडांस या पट्ट्यात स्थान देऊ नये. जवळच्या चांगल्या ओढ्यावर जी झाडे आपणहून वाढली आहेत, तीच आपल्या ओढ्यावर लावावीत, हा सोपा नियम मुलांना सांगावा.

*आषाढ ते भाद्रपद.* पट्ट्यात कोणीही उतरू नये. हा रातबेडकाचा काळ आहे. गवत कापणे, फांदी तोडणे, कपडे धुणे ही कामे पट्ट्याच्या बाहेर, खालच्या बाजूस व्हावीत.

*कार्तिक व पुढे.* दिवाळीनंतर वरच्या अंगाचे गवत कापून मालकास न्यावयास द्यावे. पाण्यालगतचा हातभर पट्टा तसाच राखावा. शिमग्यापूर्वी पट्ट्याच्या बाहेरून जाळरेषा काढावी, म्हणजे वणवा आत शिरणार नाही.

अडचणी आणि त्यांचा विचार

ज्या शेतकऱ्याची जमीनच वीस गुंठे आहे, त्याला काठावरचे दोन-तीन गुंठे सोडा असे सांगणे सोपे नाही. त्याच्या राबाचा, गुरांच्या चाऱ्याचा व सरपणाचा प्रश्न खरा आहे. शिक्षकाने त्यास उपदेश करू नये. त्याचे म्हणणे प्रथम ऐकून घ्यावे. झाडाची शेताकडील बाजू राबासाठी त्याने छाटावी व पाण्याकडील फांद्या राखाव्यात, असा मध्यम मार्ग बहुधा मान्य होतो. चारा त्याचाच राहील, फक्त कापणीचा काळ पुढे जाईल, हेही स्पष्ट करावे. पुरात वाहून जाणारा बांध मुळांनी धरून ठेवला जातो, हा लाभ त्याच्या डोळ्यांसमोर असतो. तो दाखवून द्यावा. संमती न मिळाल्यास मुलांना त्याच्याविरुद्ध बोलू देऊ नये. गावात दुसरा काठ सापडतो.

दुसरी अडचण धीराची आहे. पहिल्या पावसाळ्यात रातबेडूक दिसेलच असे नाही. वरच्या अंगास चांगला ओढा शिल्लक असेल तर तेथून तो हळूहळू खाली येतो. इतर ठिकाणाहून बेडूक आणून सोडू नयेत. रोग पसरण्याचा व मूळ जागेची हानी होण्याचा त्यात धोका असतो. मुलांना निराशा वाटू नये म्हणून दरवर्षी झुकलेल्या फांद्यांची संख्या, सावलीतील पाण्याचे तापमान व नव्या रोपांची संख्या मोजावी. बेडूक येवो अथवा न येवो, या आकड्यांत फरक पडलेला दिसतो आणि काम पुढे चालू राहते.

२००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार स्थानिक संस्थेच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व लोकजैवविविधता नोंदवही ठेवली जाते. मुलांच्या नोंदींची स्वच्छ प्रत शाळेने या समितीकडे द्यावी. शिक्षकाची बदली झाली व सातवीचा वर्ग शाळा सोडून गेला, तरी नोंद गावात राहते.

संकलन (फळ्यावर लिहावयाचे मुद्दे)

१. रातबेडूक : घर फक्त पश्चिम घाट, अंडी पाण्यावर झुकलेल्या पानावर.
२. तीन अटी : सावली, ओलावा, खाली पाणी.
३. प्लॅस्टिक ही घाण आहे. पालापाचोळा घाण नव्हे.
४. प्रथम राखणे, नंतर लावणे.
५. आषाढ ते भाद्रपद काठास हात नाही.

प्रश्न

१. शेतातील बेडूक व रातबेडूक यांच्या अंडी घालण्याच्या जागांत कोणता फरक आहे?
२. काठापासून दूर लावलेल्या झाडाचा रातबेडकाला उपयोग का होत नाही?
३. ओढा-सफाईत काय उचलावे व काय ठेवावे याची दोन स्तंभांत यादी करा.
४. तुमच्या ओढ्याच्या ४० मीटर लांबीस दोन्ही बाजूंनी ५ मीटर पट्टा राखला तर किती चौरस मीटर जागा लागेल? ती सुमारे किती गुंठे होईल?

गृहपाठ

घरातील आजी-आजोबांना विचारून, ते लहान असताना गावच्या ओढ्याच्या काठावर कोणती झाडे होती त्यांची नावे लिहून आणावी. सर्वांच्या याद्या एकत्र करून एक यादी वर्गात लावावी. त्या यादीतील जी झाडे आज काठावर उरली नाहीत, त्यांपासून पुढील मृगातील लावणीस आरंभ करावा.